पंडितभाऊंच्या बरण्या

पंडितभाऊ गेले त्याच्या आदल्या दिवशी दुपारी मी त्यांच्याकडेच होतो. धुळ्यात देवपुरात त्यांचं घर आहे, घराच्या बाजूला पत्र्याचं शेड आहे आणि त्या शेडमध्ये त्यांची जुनी मोटार उभी असते. त्या दिवशी बोनेट उघडं होतं आणि भाऊ कार्बोरेटर खोलायला बसले होते. मी नेहमीसारखा लाकडी स्टुलावर बसून सल्ले देत होतो. एक पेच काही केल्या हलेना. भाऊंनी मनगट चोळलं आणि पेचकस माझ्यापुढे धरला. "वसंता, हाऊ पेच जरा ढिला कर. मना हात आज नही चालस." मी तेवढा एक पेच सैल केला आणि पुन्हा स्टुलावर येऊन बसलो. बाकीचं सगळं त्यांनीच खोललं, सुटे भाग परातीत घासलेटमध्ये बुडवले, कागदाच्या कपट्यावर काहीतरी लिहिलं आणि तो फळीवरच्या लोणच्याच्या बरणीत टाकला. काय लिहिलं, हे मी विचारलं नाही, कारण ते असं रोजच काहीतरी लिहून टाकायचे. मग सुमनवहिनींनी चहा आणला, साखर कमी आहे म्हणून मी कुरकुर केली, आणि निघताना भाऊ म्हणाले, "सकाय ये. धुईसन ठेवस, मंग देखू."

सकाळी सव्वासातला वहिनींचा फोन आला. "भाऊजी, हे उठत नाहीयेत..." मी पोचेपर्यंत शेजारचे डॉक्टर येऊन गेले होते. झोपेतच सगळं झालं होतं. चौऱ्याहत्तर वर्षांचा माणूस, आदल्या रात्री भरीत-भाकरी खाऊन झोपला आणि उठला नाही. असं मरण मागून मिळत नाही, असं दारात जमलेले लोक म्हणत होते. मला त्या सगळ्यांचा राग आला होता. आता नाही येत. आता मलाही वाटतं की तसंच होतं ते.

गेलेल्या माणसाबद्दल लिहिताना 'कधीही न भरून येणारी पोकळी' असं लिहायची आपल्याकडे पद्धत आहे. मी ते लिहिणार नाही. माझ्या बाबतीत पोकळी खरोखरच होती, पण ती साडेतीन इंचांची, गोल, मोटारीच्या डॅशबोर्डमधली होती, आणि भाऊ जायच्या सात वर्षं आधीपासून होती. ती मीच केलेली होती. तिच्याबद्दल सांगायचं म्हणजे सुरुवातीपासून सांगायला हवं.

पंडितभाऊ एका हायस्कुलात प्रयोगशाळा सहायक होते आणि मी टेलिफोन खात्यात होतो. शाळेचा फोन बंद पडला की मी जायचो आणि प्रयोगशाळेत बसून बीकरमधला चहा प्यायचो. तिथली दोस्ती. प्रयोगशाळेत त्यांची प्रत्येक बाटली जागच्या जागी असायची आणि प्रत्येकीवर सुवाच्य अक्षरात चिठ्ठी चिकटवलेली असायची. निवृत्त झाल्यावर या माणसाचं काय होणार, अशी वहिनींना काळजी होती. त्या स्वतः प्राथमिक शाळेत शिक्षिका होत्या आणि त्यांची नोकरी अजून दोन वर्षं बाकी होती. निवृत्तीनंतर महिनाभरात भाऊ चोपड्याला कुणाच्या तरी लग्नाला गेले आणि तिथून मोटार घेऊन आले. मोटार म्हणजे मोटारीचा सांगाडा. केळीच्या बागेच्या बांधावर ती वीस-पंचवीस वर्षं उभी होती. मागच्या सीटवर खताच्या गोण्या, पुढच्या सीटवर कोंबड्या. धुळ्याकडे रिकाम्या निघालेल्या केळीच्या ट्रकमध्ये भाऊंनी ती चढवली आणि शिरपूरमार्गे धुळ्याला आणली. गाडी कोणत्या कंपनीची, कोणत्या सालातली, हे मी इथे मुद्दाम लिहीत नाही. ते लिहिलं की लोक गाडीबद्दल विचारत बसतात, माणसाबद्दल विचारत नाहीत. विलायती होती, आमच्यापैकी काहींपेक्षा वयानं मोठी होती, एवढं पुरे.

वहिनींनी गाडी पाहिली आणि आत जाऊन त्यांनी दार लावून घेतलं. तासाभरानं बाहेर येऊन त्या एवढंच म्हणाल्या, "कोंबडी अजून आत आहे." आणि खरंच, डिकीत एक कोंबडी होती. ती ट्रकनं थेट चोपड्याहून आली होती.

पहिल्याच रविवारी आम्ही चार-पाच जणांनी मिळून इंजिन खोललं. उत्साह इतका की जो येईल तो पाना घेऊन काहीतरी सोडवत होता. पुढचे कित्येक रविवार घासून पुसून आम्ही ते परत जुळवलं आणि शेवटी एक वाटीभर नट-बोल्ट उरले. वहिनींची वरणाची वाटी, काठोकाठ भरलेली. हा कुठला, तो कुठला, कुणालाच आठवेना. कुणी म्हणालं, जुन्या गाड्यांना जास्तीचे असतात. भाऊ कधी चिडायचे नाहीत, पण त्या दिवशी त्यांनी ती वाटी सगळ्यांपुढे ठेवली आणि नियम केला. "ज्यानी खोलं, त्यानीच बसाडानं." म्हणजे ज्यानं जे खोललं, ते त्यानंच बसवायचं. दुसऱ्यानं हात लावायचा नाही, खुद्द भाऊंनीसुद्धा नाही. वहिनींकडून लोणच्याच्या रिकाम्या बरण्या मागून घेतल्या. सुट्या भागांबरोबर प्रत्येक बरणीत एक चिठ्ठी टाकायची. भागाचं नाव आणि खाली 'खोलणार' म्हणून त्या माणसाचं नाव. भाग बसवून झाला की चिठ्ठी बरणीतून काढून त्या माणसाच्या हातात द्यायची आणि वर गुळाचा खडा. प्रयोगशाळेतला माणूस, त्याला बाटली आणि चिठ्ठीशिवाय सुचणार तरी काय.

या नियमापायी ती गाडी अकरा वर्षं चालली, म्हणजे तिचं काम अकरा वर्षं चाललं. दोन वर्षांत झालं असतं. शेजारच्या शिंप्यानं सीटची कव्हरं उसवली आणि मग त्याच्या पोरीचं लग्न निघालं, तर सव्वा वर्ष सीट उघड्या. दरवाजांच्या कड्या एका सुट्टीत कंटाळा आला म्हणून वहिनींनी खोलल्या, आणि मग शाळा सुरू झाली. भाऊ त्यांना दिवाळीपर्यंत काही बोलले नाहीत. मी मात्र बोलायचो. मी म्हणायचो, भाऊ, हा नियम नाही, हा हट्ट आहे. ते घासलेटचा हात पुसत नुसते हसायचे.

सगळ्यात कहर झाला तो हिलालआप्पांच्या वेळी. हिलालआप्पा कापसाच्या जिनिंगमध्ये फिटर होते, आमच्यातले एकमेव खरे कारागीर. त्यांनी स्टेअरिंग बॉक्स खोलला आणि तो जुळवायच्या आधीच ते मुलाकडे शिरपूरला राहायला गेले, तिथे त्यांच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू झाला. मी म्हटलं, आता तरी दुसऱ्याला लावू द्या. भाऊंनी तो बॉक्स बाजाराच्या पिशवीत भरला, मला बरोबर घेतलं आणि आम्ही एसटीनं शिरपूरला निघालो. पिशवी पायाशी ठेवताना दाणकन वाजली. कंडक्टरनं वाकून पाहिलं.

"हाई काय शे, बाबा?"

"मोटारनं स्टेअरिंग शे," भाऊ म्हणाले.

"मंग मोटार कोठे शे?"

"घर शे."

कंडक्टरनं आमच्या दोघांकडे नीट पाहिलं आणि तिकीट न फाडताच पुढे गेला. परत येऊन मग सामानाचंही तिकीट दिलं. शिरपूरला हिलालआप्पा ओट्यावर मांडी घालून बसले, समोर पोतं अंथरलं, त्यावर सगळे भाग मांडले. आप्पा म्हणाले, "माले आते काय दिसस रे भाऊ. तू वाच, मी बसाडस." भाऊंनी वही काढली. खोलताना प्रत्येक भागाचं चित्र काढून ठेवायची त्यांची ही वही, प्राणिशास्त्राच्या जर्नलसारखी, एका बाजूला आकृती आणि दुसऱ्या बाजूला पायऱ्या. भाऊ वाचत गेले आणि आप्पा डोळे मिटून, ग्रीसनं माखलेल्या बोटांनी चाचपत एकेक दातेरी चाक बसवत गेले. मध्ये आप्पांच्या सुनेनं शेवभाजी वाढली, ती खाऊन परत सुरू. संध्याकाळच्या गाडीनं आम्ही जुळवलेला बॉक्स घेऊन परतलो. आप्पांची चिठ्ठी त्यांच्या कोपरीच्या खिशात होती. त्या दिवशी ते जितके खूश होते तितकं खूश मी त्यांना नातवाच्या बारशालाही पाहिलं नाही.

आता माझं. डॅशबोर्डवर चावीचं एक गोल घड्याळ होतं, पितळी कड्याचं, बंद पडलेलं. मी आयुष्यभर टेलिफोनची यंत्रं खोलली, घड्याळ ते काय, असं म्हणून एका भर उन्हाळ्यात मी ते काढलं आणि अंगणात कडुलिंबाखाली बाजेवर बसून खोललं. शेजारच्या बाजेवर वहिनींचे बिबडे वाळत होते, ज्वारीचे पापड, ओल्या फडक्यावर नुकतेच थापलेले. झाकण उघडल्याबरोबर एक स्प्रिंग उडाली. ती सापडली. तिच्याबरोबर मोहरीएवढा एक पेच उडाला, तो नाही सापडला. आम्ही तिघं तासभर बाजेखाली रांगत होतो. वहिनींना शंका होती की तो बिबड्यांतच गेला, आणि त्या वर्षी धुळ्यातल्या निदान चार घरांत बिबडे जपून खाल्ले गेले. मी भाऊंना म्हणालो, पेच मिळाला की बसवतो. भाऊंनी चिठ्ठी लिहिली आणि घड्याळाचे भाग बरणीत गेले.

खरं सांगतो, पेच मिळता तरी मला ते जमलं नसतं. त्या चाकांतलं कुठलं कुठे जातं, हे मला दुसऱ्याच दिवशी आठवत नव्हतं, आणि वहीत चित्र काढा असं सांगायला मी भाऊंना हाकही मारली नव्हती, कारण तिथे माझा तोरा आड आला. पेच हरवला, हे मला फार सोयीचं झालं. गाडी तयार झाली, रंगली, पहिल्यांदा रस्त्यावर आली, आणि डॅशबोर्डमध्ये ते भोक तसंच. पहिली फेरी सोनगीरला. तिथल्या तांबटानं रेडिएटरची पितळी टाकी घडवून दिली होती, त्याला गाडी दाखवायची होती. त्यानं बोनेट उघडायला लावलं, आपल्या टाकीवर टिचकी मारली, समाधानानं मान हलवली, आणि मग आत डोकावून पहिला प्रश्न विचारला तो त्या भोकाबद्दल. पुढे तर जो येई तो तेच विचारी. भाऊ दर वेळी एकच उत्तर द्यायचे. "वसंतानं काम शे ते. व्हई." होईल. सात वर्षं ते हेच म्हणत राहिले आणि त्यांच्या आवाजात टोमणा कधी आला नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं, मला भांडता तरी आलं असतं.

सोनगीरची फेरी मग दर रविवारची झाली. सकाळी निघायचं, हायवेवर चहा प्यायचा, किल्ल्याकडे बघून परत फिरायचं. गाडी चालवायच्या वहिनी. भाऊंचं रस्त्याकडे कमी आणि इंजिनाच्या आवाजाकडे जास्त लक्ष असायचं, त्यामुळे एकदा गाडी बाभळीत गेल्यावर वहिनींनी त्या वयात रीतसर शिकून लायसन काढलं. पुढे त्या दोघी, म्हणजे वहिनी आणि गाडी, आणि शेजारी कान टवकारून बसलेले भाऊ. मी मागे. मागे बसायचं मी हट्टानं धरलं होतं, कारण पुढे बसलं की ते भोक थेट माझ्यासमोर यायचं.

भाऊ गेले आणि मी शेडकडे फिरकलो नाही. घरी जायचो, ओट्यावर बसायचो, वहिनींशी बोलायचो आणि मान तिकडे न वळवता परत यायचो. कार्बोरेटर परातीतच होता. त्यांच्या मुलानं पुण्याहून सुचवलं की एखादा मेकॅनिक बोलवून जुळवून घ्या. वहिनी नको म्हणाल्या. सव्वा महिना झाल्यावर त्यांनी मला फोन केला. "रविवारी या. गाडीचं बघायचं आहे. मला सोनगीरला जायचंय."

मी गेलो आणि म्हणालो, "वहिनी, मेकॅनिक बोलवा. नियम भाऊंचा होता, आणि खोलणारे भाऊच. आता ते कोण बसवणार? आपण नियम धरून बसलो तर गाडी कायमची अशीच राहील."

वहिनी उठल्या. फळीवरची बरणी काढून त्यांनी माझ्यापुढे ठेवली. आत एकच चिठ्ठी होती. मी चष्मा लावला. 'कार्बोरेटर. खोलणार : वसंता.'

"मी एकच पेच सैल केला होता," मी म्हणालो.

"पहिला ना?"

"पहिलाच, पण..."

"मग झालं. पहिला पेच ज्याचा, काम त्याचं. मला नव्हता का हाच न्याय? सुट्टीत मी पहिली कडी खोलली, तर चारही दरवाजे माझ्या नावावर लावले होते."

भाऊंना आपल्या जाण्याचं काही कळलं होतं का, म्हणून त्यांनी माझं नाव लिहिलं का, असं मी स्वतःला बऱ्याचदा विचारलं. नसावं. मनगट दुखत होतं, मी समोर रिकामा बसलो होतो, इतकंच. पण त्यांना मी हवा होतो, उद्याही यायला हवा होतो, हे खरं. त्या वाक्यापाशी येऊन मी थांबतो, पुढे जात नाही.

दोन रविवार लागले. वहिनी वही घेऊन स्टुलावर बसल्या आणि पोरांना पाढे सांगावेत तशा ठणठणीत आवाजात पायऱ्या वाचायच्या, मी बसवायचो. पहिल्या वेळी जुळवून सुरू करायला गेलो तर पेट्रोल बदाबदा गळायला लागलं. शिरपूरला हिलालआप्पांना फोन लावला. त्यांचे डोळे आता ऑपरेशननंतर बरे आहेत, कान गेले आहेत. तीनदा ओरडून सांगितल्यावर ते म्हणाले, "फ्लोट तू उलटं बसाडं व्हई." बघितलं तर पेट्रोलवर तरंगणारा तो फ्लोट खरंच उलटा. दुसऱ्या रविवारी इंजिन खोकलं, पुन्हा खोकलं आणि चालू झालं. वहिनींनी ते दोन मिनिटं चालू दिलं, मग बंद केलं. पदरानं डोळे टिपले, गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला, चिठ्ठी दिली. मी निघणार तेवढ्यात त्या आत गेल्या आणि कागदाची एक बारीक पुडी घेऊन आल्या.

"आता हेही घेऊन जा."

पुडीवर भाऊंचं अक्षर होतं. 'घड्याळाचा पेच. वसंता मागेल तेव्हा.' आत मोहरीएवढा पेच.

तो हरवला त्याच वर्षी श्रावणात सापडला होता. भाजलेला बिबडा खाताना वहिनींच्याच दाताखाली आला. त्या लगेच मला फोन करणार होत्या, तर भाऊंनी अडवलं. वहिनींनी मला त्यांचे शब्द जसेच्या तसे सांगितले. "त्याले घडी येत नही. पेच हरपना म्हनीसन त्यानं बरं चाली राहिनं. तो मांगी तव्हय दिऊ." त्याला घड्याळ जमत नाही, पेच हरवला म्हणून त्याचं निभावतंय, तो मागेल तेव्हा देऊ. आणि मी सात वर्षांत एकदाही विचारलं नाही की पेच सापडला का.

माझे कान तापले. मग मला हसू आलं, वहिनीही हसल्या, आणि हसता हसता मी त्या स्टुलावर बसून रडलो. भाऊ गेल्यापासून रडलो नव्हतो. वहिनींनी रडू दिलं आणि मग चहा आणला, त्यात साखर बरोबर होती.

घड्याळाची बरणी घरी नेली. गल्लीच्या तोंडाशी एक घड्याळजी बसतो, त्याच्यापुढे रोज सकाळी जाऊन बसलो आणि सांगितलं, तुम्ही फक्त सांगा, हात लावू नका. त्याला वाटलं, म्हातारा फिरलाय. पण माणूस भला. नऊ दिवसांत चाकं जागेवर आली. शेवटचा तो पेच घरी येऊन मी चिमट्यानं उचलला तेव्हा दाराखिडक्या लावून पंखा बंद करून घेतला होता.

गेल्या रविवारी घड्याळ डॅशबोर्डमध्ये बसवलं, चावी दिली आणि आम्ही सोनगीरला गेलो. या वेळी मी पुढे बसलो. चालत्या गाडीत इंजिनापुढे त्याचा आवाज येत नव्हता. सोनगीरला वहिनींनी किल्ला दिसतो त्या वळणावर गाडी थांबवून इंजिन बंद केलं तेव्हा आला. आम्ही दोघं ऐकत बसलो. घरी परतेपर्यंत ते सात मिनिटं मागे पडलं होतं.

शेडमध्ये गाडी लावून वहिनी फळीकडे वळल्या. तिथे बरण्या ओळीनं मांडलेल्या होत्या, धुतलेल्या, आता सगळ्याच रिकाम्या. त्या इतक्या रिकाम्या मी कधी पाहिल्या नव्हत्या, आणि मला ते काही केल्या बघवेना. मी खिशातून पेचकस काढला आणि बाहेरच्या आरशाचा एक पेच सैल केला.

"आरसा नीट होता, भाऊजी," वहिनी म्हणाल्या.

"हो," मी म्हणालो.

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मग एक बरणी खाली काढली, वहीच्या मागच्या पानाचा कपटा फाडला आणि माझं नाव लिहायला बसल्या.